चिंचपाड्याचा मिशन दवाखाना

● कुठे : नवापूर तालुका, गुजरातच्या सीमेलगत. सुरत–भुसावळ लोहमार्गावर चिंचपाडा स्थानक. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत हा भाग धुळे जिल्ह्यात होता.

● सुरुवात : १९४२. आज ‘इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन’ या संस्थेकडे कारभार.

● परिसर : मावची, कोकणी, भिल्ल आदिवासींची वस्ती. सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय. पहिली चाळणी ‘सोल्युबिलिटी’ या स्वस्त चाचणीने होते. नेमकं निदान मात्र इलेक्ट्रोफोरेसिससारख्या तपासणीनेच.

कमी साधनांत काय चालतं?

● सर्पदंश : कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त २० मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाची दाट शंका. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल, तर निकाल फसवा. नाग-मण्यारच्या दंशात रक्त गोठतं. तिथे पापण्या आणि श्वासावर नजर हवी.

● प्राणवायू : कॉन्सन्ट्रेटर हवेतूनच प्राणवायू वेगळा करतो, त्यामुळे सिलिंडर भरून आणण्याची धावपळ वाचते. पण वीज गेली की तोही थांबतो. म्हणून एक भरलेला सिलिंडर कायम हाताशी लागतोच.