मेव्हनच्या ‘पॉम’मधील अध्याहार

जावा भाषेतील आज्ञावलींची जुळणी करणाऱ्या साधनांविषयी मदत मागणाऱ्यांची एक अडचण वरवर तांत्रिक दिसली, तरी तिचे स्वरूप मुख्यतः भाषिक आहे. मदत मागणारा आपली कॉन्फिगरेशन फाइल दाखवितो. दोष मात्र अनेकदा तिच्यात न लिहिलेल्या मजकुरात दडलेला असतो.

२००० साली स्वतंत्रपणे प्रसृत झालेल्या ‘अँट’ या साधनाला प्रत्येक कृती सांगावी लागते. ‘मेव्हन’ने (पहिली पूर्ण आवृत्ती २००४) हा भार हलका केला. त्याच्या ‘पॉम’ या फाइलीत प्रकल्प काय आहे एवढेच नोंदवावयाचे. उरलेले सारे अध्याहृत. (मेव्हन हा यिडिश शब्द असून त्याचा अर्थ ‘जाणकार’. जाणकार मितभाषी असावा ही अपेक्षा हे साधन जरा अधिकच पुरी करते.)

व्याकरणाच्या अभ्यासकास ही रीत अपरिचित नाही. ए, ओ, ऐ, औ यांच्या जागी अय्, अव् आदी आदेश सांगणाऱ्या पाणिनीच्या सूत्रात ‘स्वर पुढे असता’ ही अट लिहिलेली नाही. ती आधीच्या सूत्रातून अनुवृत्तीने येते, आणि काशिकेसारखी वृत्ती ती उघड करून सांगते. मेव्हनमध्येही प्रत्येक पॉम अखेरीस ‘सुपर पॉम’ या मूळ पत्राचा वारस असतो. शिवाय प्लगइनांच्या आवृत्त्या मेव्हनमध्येच बांधलेल्या असतात, आणि प्रत्येक प्लगइनची स्वतःची गृहीत मूल्ये वेगळीच.

मेव्हन ३.६.३ व जावा ११ ही जोडी घ्यावी. पॉममध्ये प्रकल्पाची ओळख पटण्यापुरतीच माहिती आहे. जुळणी सुरू करताच ‘स्रोतपातळी ५ आता मान्य नाही’ अशा आशयाची तक्रार येते. लिहिणारा बुचकळ्यात पडतो, कारण पाच हा अंक त्याने कोठेच लिहिलेला नसतो. घडते ते असे : मेव्हनची ही आवृत्ती, अन्यथा न सांगितल्यास, कंपाइलर-प्लगइनची ३.१ ही २०१३ मधील आवृत्ती वापरते. त्या आवृत्तीचे गृहीत मूल्य जावा १.५ हे आहे. आणि ती पातळी जावाच्या कंपाइलरने २०१७ मध्ये, नवव्या आवृत्तीपासून, सोडून दिली. तीन ठिकाणची तीन विधाने एकत्र आल्यावाचून दोषाचा उलगडा होत नाही. अशा वेळी केवळ ‘दस्तऐवज वाचा’ हे उत्तर न्यायाचे नव्हे.

म्हणून मदत मागताना सूत्राबरोबर वृत्तीही द्यावी. ‘हेल्प’ प्लगइनचे ‘इफेक्टिव्ह-पॉम’ हे उद्दिष्ट चालविले असता वारशाने आलेल्या मजकुरासह संपूर्ण पॉम छापला जातो. वरील उदाहरणात त्यात ३.१ हा अंक दिसेल, १.५ मात्र दिसणार नाही, कारण प्लगइनची अंतर्गत गृहीत मूल्ये तेथे येत नाहीत. ती पाहण्यास सविस्तर नोंद देणारा ‘एक्स’ हा पर्याय आहे; अथवा ‘डिस्क्राइब’ या उद्दिष्टास प्लगइनची नेमकी आवृत्ती सांगून माहिती मागवावी. प्लगइनच्या संकेतस्थळावरील पाने सामान्यतः नव्या आवृत्तीची असतात, आणि तेथील गृहीत मूल्य ३.१ वापरणाऱ्यास लागू पडेलच असे नाही.