उंच दाबाची वीज आणि अंतराळांतील ठिणगी

आपल्या मुळशीच्या धरणाचें पाणी सह्याद्रीच्या पायथ्याशीं भिरा येथें उतरतें, आणि १९२७ सालापासून तेथें वीज उत्पन्न होत आहे. अशी वीज दूर नेणाऱ्या तारा मनोऱ्यांवर चकत्यांच्या माळांना टांगलेल्या तुम्हीं पाहिल्या असतील. या माळा कशासाठीं?

वीज लांब न्यावयाची तर तिचा दाब वाढवावा लागतो. शक्ति तीच ठेवून दाब दुप्पट केला, तर प्रवाह निम्मा होतो व त्याच तारेंत उष्णतेनें होणारी हानि चतुर्थांश होते. परंतु दाब वाढला कीं वीज पळवाट शोधूं लागते. मनोऱ्याकडे जाणारी ती वाट या चकत्या अडवितात. त्यांवर धूळ बसून वर दंव पडलें, म्हणजे पृष्ठभागावरून ठिणगी उडी घेते व मागोमाग सारा प्रवाह धांवतो. हाच ‘आर्क’ होय.

अंतराळांतही हाच पेंच आहे. मोठ्या उपग्रहास वीज पुष्कळ लागते. तारा जाड केल्या तर वजन वाढतें. म्हणून सौरपट्टांचा दाब वाढवितात. कोणी म्हणेल, जेथें हवाच नाहीं तेथें ठिणगी कशी पडावी? पण तेथें विद्युद्भारित कण असतात. त्यांच्यामुळें सौरघटांवरील कांच आणि शेजारचा धातु यांच्या दाबांत मोठा फरक पडतो, व त्यांच्या सांध्यावर बारीक ठिणगी उडते. तिनें किंचित् धातूची वाफ होते. ही वाफ दोन घटांमधील फटींत पुलासारखी पसरली, कीं पट्टाची स्वतःचीच वीज त्या पुलावरून वाहूं लागते. खालचें निरोधक पटल जळून त्याचा कोळसा होतो; कोळसा वीजवाहक, म्हणून तो मार्ग कायमचा खुला राहतो. १९९७ सालीं टेंपो-२ या दळणवळण-उपग्रहाच्या सौरपट्टांचा कांहीं भाग अशाच रीतीनें निकामी झाला.

यावर उपाय साधेच आहेत. शेजारशेजारच्या घटांत दाबाचा फरक थोडा राहील अशी त्यांची मांडणी करावी. फटी सिलिकोन रबरानें बुजवाव्या. घटांच्या प्रत्येक माळेस डायोड जोडावा, म्हणजे एका माळेंत बिघाड झाला तरी इतरांची वीज तिकडे धांवत नाहीं. कांचेवर पारदर्शक वीजवाहक लेप द्यावा, म्हणजे भार सांचत नाहीं. आंतरराष्ट्रीय अंतराळ-स्थानकाचे सौरपट्ट सुमारें १६० व्होल्टांचे आहेत. तेथें झेनॉन वायूच्या साहाय्यानें इलेक्ट्रॉन बाहेर सोडून स्थानकावरील जादा ऋणभार काढून टाकण्याची योजना २००० सालापासून आहे.

तात्पर्य, वीज आधीं दुबळा सांधा गांठते. मोठ्या यंत्राचा नाश केंसाएवढ्या फटींतून आरंभ पावतो. हें ज्यानें ओळखलें, तो उंच दाबाच्या तारांखालीं पतंग उडविणार नाहीं व लांब ओला बांबू उभा धरून जाणार नाहीं. तारेस स्पर्श झाला नाहीं तरी वीज उडी घेऊं शकते, हें पालकांनींही मुलांस अवश्य समजावून सांगावें.