बारामतीचे साहेब आणि आपली खतावणी

निवडणूक जवळ आली की बारामती-इंदापूरकडच्या आपल्या वस्त्यांतून दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतात, "साहेबांमुळेच सगळे झाले." दुसरे विचारतात, "साहेबांनी आपल्याला काय दिले?" दोघांच्याही हातात वही नसते. जमा आणि नावे या दोन्ही बाजू मांडल्याशिवाय शिल्लक निघत नाही, हे साध्या कारकुनालाही ठाऊक असते. म्हणून शरद पवार यांच्या कारकीर्दीचा हिशेब आपल्या कष्टकरी घराच्या बाजूने मांडून पाहू.

काटेवाडी ते दिल्ली

१२ डिसेंबर १९४० चा त्यांचा जन्म. घराणे बारामतीजवळच्या काटेवाडीचे. आई शारदाबाई स्वातंत्र्यापूर्वी पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेलेल्या. त्या काळी बाईने बोर्डाच्या बैठकीत बसणे ही लहान गोष्ट नव्हती. यशवंतराव चव्हाणांच्या तालमीत तयार झालेले पवार १९६७ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, बारामतीतून आमदार झाले. जुलै १९७८ मध्ये वसंतदादा पाटलांचे सरकार पाडून त्यांनी 'पुलोद'चे सरकार बनविले आणि अडतिसाव्या वर्षात मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्राने ते सरकार बरखास्त केले.

१९८६ साली ते पुन्हा काँग्रेसमध्ये गेले, १९८८ साली पुन्हा मुख्यमंत्री झाले, १९९१ ते ९३ देशाचे संरक्षणमंत्री होते आणि मार्च १९९३ मध्ये मुंबईला परतून पुन्हा मुख्यमंत्री झाले. १९९५ ला सत्ता गेली. १९९९ मध्ये सोनिया गांधींच्या परदेशी जन्माचा प्रश्न काढून त्यांनी राष्ट्रवादी काँग्रेस काढली आणि त्याच वर्षी राज्यात काँग्रेसबरोबर सरकारही केले. २००४ ते २०१४ अशी दहा वर्षे ते केंद्रात कृषिमंत्री होते. २०१९ साली शिवसेनेला बरोबर घेऊन महाविकास आघाडी उभी केली. जुलै २०२३ मध्ये त्यांचा स्वतःचाच पक्ष फुटला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व घड्याळ अजित पवारांच्या गटाला दिले. ज्याने १९७८ साली दुसऱ्याचे सरकार फोडले, त्याच्याच घरात पंचेचाळीस वर्षांनी तीच रीत आली.

जमेची बाजू

जमेला पहिली नोंद नामांतराची. मुख्यमंत्री होऊन नऊच दिवस झाले होते. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी बाबासाहेबांचे नाव विद्यापीठाच्या कमानीवर लागले, तेव्हाही मुख्यमंत्री तेच होते. शिवसेनेचा उघड विरोध असताना त्यांनी हा निर्णय घेतला. ज्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

दुसरी नोंद आपल्या मायबहिणींची आहे. १९९४ साली त्यांच्या सरकारने महिला धोरण आणले. त्याच वर्षी, २२ जूनपासून, राज्यात वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. त्याआधी लग्न झालेल्या मुली मात्र वगळल्या गेल्या. हाच हक्क साऱ्या देशात यायला २००५ साल उजाडले. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले होते, हे आपल्या घरातील मुलींना सांगितले पाहिजे. हा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. बहिणीकडून हक्कसोड लिहून घेताना आपले भाऊ तो आठवतात का, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या घरात विचारावा.

नावेची बाजू

आता दुसरे पान. १९७८ च्या ठरावानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. पोचिराम कांबळे यांचा खून झाला. घरे जळत असताना सरकारचे संरक्षण कोठे होते? ठराव झाला पण अंमल थांबला. त्यासाठी १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांनी नागपूरहून लाँगमार्च काढला आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. साडेपंधरा वर्षे गेली, त्यांत तीन वेळा पवारच मुख्यमंत्री होते. शेवटी मिळाला तो नामविस्तार, 'मराठवाडा' शब्द कायम ठेवून. म्हणजे सही मुख्यमंत्र्यांची असली तरी किंमत भीमसैनिकांनी मोजली.

नोव्हेंबर १९९४ मध्ये नागपूरच्या अधिवेशनावर गेलेल्या गोवारी मोर्चाच्या चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले, त्यांत बायका-मुले बहुसंख्य. आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. मुख्यमंत्री खुर्चीवर राहिले.

आणि आपला बारामती-इंदापूरचा मुलूख? नीरा डाव्या कालव्याच्या कडेला ऊस उभा राहिला, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे कारखाने चालले, बारामतीला कृषी विकास प्रतिष्ठान, विद्या प्रतिष्ठान आणि एमआयडीसी आली. पोरांना शिकायला पुण्याला जावे लागेना, हे खरे आहे. पण कारखान्याचा सभासद व्हायचे तर ऊस पाहिजे आणि उसाला जमीन व पाणी पाहिजे. ज्याच्याकडे फक्त कोयता आहे, त्याला कारखान्याच्या निवडणुकीत मत नाही. त्याच तालुक्यांत कालव्यापासून दूरचा जिरायत पट्टा पाण्याची वाट बघत राहिला. उजनीच्या पाण्याखाली इंदापूरची पळसदेवसारखी गावे गेली. तेथेही मालकाला मोबदला मिळाला, सालगड्याला काय मिळाले?

२००८ च्या कर्जमाफीचेही तसेच. पवार कृषिमंत्री असताना झालेल्या त्या माफीत बँक-सोसायटीचे पीककर्ज माफ झाले. शेतमजुराने सावकाराकडून काढलेले कर्ज कोणाच्याच यादीत नव्हते.

आपले खाते आपणच तपासावे

या हिशेबात एक नोंद आपल्या स्वतःच्या नावावरही टाकावी लागेल. १९९० साली पवारांच्या मंत्रिमंडळात रामदास आठवले मंत्री झाले. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसशी झालेल्या समझोत्यातून प्रकाश आंबेडकर, रा. सु. गवई, जोगेंद्र कवाडे व रामदास आठवले असे चार रिपब्लिकन खासदार निवडून आले, आणि तेही राखीव नव्हे, सर्वसाधारण जागांवरून. एकजूट होती तेव्हा मोठ्या नेत्याला आपल्याशी बोलणी करावी लागली. ती वर्षा-दीड वर्षातच विस्कटली आणि पुन्हा एकेकाला वेगवेगळे बोलावणे आले. यात पवारांचे चातुर्य असेल, पण फुटणारे हात आपलेच होते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की धर्मात भक्ती असो, राजकारणात व्यक्तिपूजा आली की ऱ्हास आणि पुढे हुकूमशाही अटळ आहे. साहेब कोणीही असोत, हा इशारा सर्वांना लागू आहे. उपकाराची परतफेड म्हणून मत द्यायचे नाही आणि रागाच्या भरात वायाही घालवायचे नाही.

तेव्हा बंधू-भगिनींनो, उद्या कोणत्याही गटाचा, कोणत्याही चिन्हाचा उमेदवार वस्तीत आला की चहा जरूर पाजावा आणि समोर वही ठेवावी. अनुसूचित जातींच्या योजनांतून आपल्या वस्तीला मंजूर झालेला निधी खर्च कोठे झाला? मुलांची शिष्यवृत्ती किती महिने थकली आहे? एमआयडीसीत आपली पोरे कायम किती आणि ठेकेदाराकडे किती? उत्तर तारखेसह लिहून घ्यावे, खाली त्याची सही घ्यावी आणि ती वही बुद्ध विहारात सर्वांना वाचता येईल अशी ठेवावी. जयभीम!