चॅनल १९ वरच्या शिव्या आणि शिष्टाचार

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा लोकलच्या खडखडाटात अर्धाच ऐकू आला, त्यांच्यासाठी ही लेखी आवृत्ती. बोलताना येणारे 'अं' आणि 'म्हणजे काय' काढून टाकलेत, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

आजचा विषय सीबी रेडिओ. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड. जुन्या अमेरिकन सिनेमात ट्रक ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातातल्या वेटोळ्या वायरच्या माइकमध्ये बोलतो ना, तेच ते. हा विषय डोक्यात आला तो इंटरनेटवरच्या रिसीव्हरमुळे. जगभरात हौशी लोकांनी आपापले शॉर्टवेव्ह रिसीव्हर नेटला जोडून ठेवलेत, ब्राउझरमधून कुणीही फिरवू शकतं. त्यातला एक अमेरिकेतला उघडून मी २७ मेगाहर्ट्झच्या आसपास कान लावून बसायला लागलो. तिथे जे ऐकू येतं त्यातलं बरंचसं इथे लिहिता येणार नाही. आईमाईचा उद्धार, वंशावरून टोमणे, कुणीतरी मध्येच विनोदी आवाजाची मशीन वाजवतोय. आणि त्याच गदारोळात एक शांत आवाज, पुढे अपघात झालाय, डावी लेन बंद आहे, हळू या. लगेच दुसऱ्याचं 'थँक यू ड्रायव्हर'.

हे दोन्ही एकाच जागी कसं काय नांदतं? आपण समजतो की शिष्टाचार म्हणजे शिव्या न देणं. सीबीवर मुळात तसं नाहीये. तिथला सगळ्यात मोठा गुन्हा तोंड घाण असणं हा नाही, बटण दाबून ठेवणं हा आहे. का, ते सांगतो. त्यासाठी आधी थोडं तंत्र.

अमेरिकेत सीबीला ४० चॅनल आहेत, साधारण २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झमध्ये. शक्तीची मर्यादा एएम पद्धतीत ४ वॅट. म्हणजे एखाद्या छोट्या एलईडी बल्बएवढी. त्यात गाडीतून गाडीत काही मैल बोलणं होतं, जमीन सपाट असेल तर जरा जास्त. चॅनल ९ आणीबाणीसाठी आणि वाटेत अडकलेल्यांच्या मदतीसाठी राखीव, हा सरकारी नियम. चॅनल १९ हायवेवरच्या ट्रकवाल्यांचा, आणि हा कुठल्याच नियमात लिहिलेला नाही. वापरून वापरून तो त्यांचा झाला. पश्चिम किनाऱ्यावर काही ठिकाणी उत्तर-दक्षिण रस्त्यांवर १९ ऐवजी १७ चालतो, तेही तसंच, लोकांनी ठरवलेलं.

आता मुख्य गोष्ट. सीबीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. बटण दाबलं की तुमचा रिसीव्हर बंद, सोडलं की चालू. फोनसारखं दोघांनी एकदम बोलायची सोय नाही. आणि दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं तर काय होतं? एएममध्ये प्रत्येक सेट बोलण्यासोबत एक स्थिर लहर सोडतो, तिला कॅरिअर म्हणतात. दोन सेटचे कॅरिअर तंतोतंत एकाच फ्रिक्वेन्सीवर नसतात. नियमाने ०.००५ टक्के फरक चालतो, म्हणजे २७ मेगाहर्ट्झला सुमारे १३५० हर्ट्झ इकडे किंवा तिकडे. या दोन कॅरिअरमधला फरक ऐकणाऱ्याच्या स्पीकरमधून शिट्टी होऊन बाहेर पडतो. कान फाडणारी, किंचाळणारी शिट्टी. दोघांचंही बोलणं तिच्यात बुडतं.

आणि खरी गंमत म्हणजे ज्या दोघांनी हा घोळ घातला त्यांना तो ऐकूच येत नाही. दोघांचे रिसीव्हर बंद आहेत! बाकी सगळा हायवे कानावर हात ठेवून बसलाय आणि हे दोघे आपापल्या तंद्रीत बोलतायत. आमच्या क्षेत्रातल्या मंडळींना जुनं इथरनेट आठवेल. एकाच वायरवर सगळे, बोलायच्या आधी ऐका, टक्कर झाली तर थांबा आणि थोड्या वेळाने परत बघा. फरक एवढाच की इथरनेट कार्डाला टक्कर झालेली कळते. सीबीवाल्याला कुणीतरी सांगावं लागतं.

सीबीचा सगळा शिष्टाचार या एका अडचणीतून निघालाय. बोलायच्या आधी ऐका. कुणाचं चालू असेल तर मधल्या फटीत 'ब्रेक वन-नाइन' एवढंच म्हणा आणि बटण सोडा. 'गो अहेड, ब्रेकर' असं आलं की मग बोला. दोघं बोलत असाल तर प्रत्येक वाक्यानंतर क्षणभर थांबा, म्हणजे तिसऱ्याला घुसायला जागा राहील. ही फट सगळ्यात महत्त्वाची, कारण तो तिसरा माणूस कदाचित समोरच्या वळणावर उलटलेल्या ट्रकबद्दल सांगायला आलेला असतो. गप्पा लांबणार असतील तर दुसऱ्या चॅनलवर जा. दुसऱ्याचं बोलणं तुडवण्याला ते 'वॉक ऑन' म्हणतात, आणि जो थांबतच नाही त्याला 'रॅचेट जॉ'. आपल्याकडे त्याला सरळ चऱ्हाट म्हणतात.

सरकारनेही हेच लिहून ठेवलंय, जरा कोरड्या भाषेत. संभाषण सलग ५ मिनिटांपेक्षा जास्त नको, नंतर निदान १ मिनिट थांबा. संगीत वाजवू नका. करमणुकीसाठी किंवा लक्ष वेधायला शिट्ट्या आणि आवाज काढू नका. दुसऱ्याच्या बोलण्यात मुद्दाम अडथळा आणू नका. आणि हो, अश्लील, असभ्य किंवा धर्मनिंदक शब्द वापरू नका.

हे शेवटचं कलम बोलायला सोपं, लावायला महाकठीण. अमेरिकेच्या फौजदारी कायद्यात १४६४ नावाचं कलम आहे. रेडिओवरून अश्लील, असभ्य किंवा निंदक भाषा बोलल्यास दंड किंवा २ वर्षांपर्यंत कैद. कागदावर बघितलं तर चॅनल १९ वरचे निम्मे लोक तुरुंगात हवेत. पण या तिन्ही शब्दांचे अर्थ कोर्टात वेगवेगळे होतात. १९७३ साली न्यूयॉर्कच्या एका रेडिओ स्टेशनने विनोदवीर जॉर्ज कार्लिन यांचा शिव्यांवरचा कार्यक्रम भर दुपारी लावला. गाडीत मुलाबरोबर ऐकणाऱ्या एका वडिलांनी तक्रार केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७८ मध्ये ५ विरुद्ध ४ असा निकाल लागला की प्रसारणावर अशा भाषेला सरकार वेळेचं बंधन घालू शकतं. पण त्याच निकालात न्यायालयाने आवर्जून म्हटलंय की हा खटला टॅक्सी ड्रायव्हर आणि त्याच्या डिस्पॅचरमधल्या दुतर्फी रेडिओ संभाषणाचा नाही, आणि तिथे तोंडातून एखादा अपशब्द गेला तर शिक्षा योग्य ठरेल असं आम्ही काही ठरवलेलं नाही. मला हे वाक्य फार आवडलं. काम करणारा माणूस चिडल्यावर काय बोलतो आणि घराघरात जाणारा कार्यक्रम काय बोलतो, यातला फरक त्यांना दिसत होता.

मग सीबीवरची भाषा एवढी बिघडली कशी? इथे मला इतिहास महत्त्वाचा वाटतो. २७ मेगाहर्ट्झवरचा सीबी १९५८ पासूनचा. छोटे धंदे, शेतकरी, घरगुती निरोप, असा शांत वापर. लायसन्स घ्यावं लागे, कॉल साइन मिळे आणि ते हवेत सांगावं लागे. १९७३ चं तेलसंकट आलं, १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. ट्रकवाल्यांना मैलावर पैसे मिळतात, त्यांचं पोटच कापलं गेलं. कुठल्या पंपावर डिझेल आहे आणि कुठल्या पुलाखाली पोलीस दबा धरून बसलेत, हे एकमेकांना सांगायला सीबी कामाला आला. पोलिसाचं नाव पडलं 'स्मोकी'. १९७६ च्या जानेवारीत सी. डब्ल्यू. मॅकॉल यांचं 'कॉन्वॉय' हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं, पुढच्या वर्षी 'स्मोकी अँड द बँडिट' सिनेमा आला, आणि राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्डसुद्धा 'फर्स्ट मामा' या टोपणनावाने सीबीवर बोलल्या. लायसन्सची फी २० डॉलरवरून १९७५ मध्ये ४ डॉलर झाली होती. १ जानेवारी १९७७ ला २३ चे ४० चॅनल झाले. अर्जांचा असा पूर आला की सरकारी यंत्रणा दमली. तात्पुरती सोय म्हणून लोकांना आपलं कॉल साइन आपणच बनवायला सांगितलं: के हे अक्षर, मग नावाची आद्याक्षरं, मग पिनकोड. शेवटी १९८३ मध्ये लायसन्सची अटच काढून टाकली.

आता कुणी कुणाला ओळखत नाही. नाव म्हणून फक्त 'हँडल', ते रोज बदललं तरी चालतं. शेजारच्याच फ्रिक्वेन्सीवरच्या हॅम रेडिओशी तुलना करून बघा. हॅमवाला परीक्षा देतो, त्याला कॉल साइन मिळतं. आपल्याकडे व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होतं ते. बोलताना ठरावीक वेळाने ते सांगावंच लागतं. तिथेही भांडखोर आहेतच, पण भांडताना स्वतःची नंबरप्लेट दाखवून भांडावं लागतं. माझ्या मते सगळा फरक तिथेच पडतो. हॅमवाले जात्याच सभ्य असतात असं मुळीच नाही.

तरी सीबीवरच्या सगळ्याच शिव्या एका मापाने मोजू नयेत. एक असते ती वैतागाची. कारवाला एकदम समोर घुसला, ड्रायव्हरने बटण दाबून दोन शब्द हासडले, संपलं. तिला कुणी मनावर घेत नाही. दुसरी असते ती कुस्तीच्या आखाड्यातली. चॅनल ६ ला तिथे 'सुपरबोल' म्हणतात. ४ वॅटची मर्यादा धाब्यावर बसवून मोठे बेकायदा अॅम्प्लिफायर लावलेले लोक तिथे आपला आवाज किती दूर जातो याच्या फुशारक्या मारतात, एकमेकांना डिवचतात. आयनोस्फिअरची कृपा असली की तो आवाज हजारो मैल जातो. ते त्यांचं मैदान आहे, नको असेल तर तिकडे जाऊ नये.

तिसरी शिवी वाईट. बाईचा आवाज आला की सुरू होणारी. उच्चार वेगळा आला की सुरू होणारी. उत्तर अमेरिकेत ट्रक चालवणारे पंजाबी लोक पुष्कळ आहेत, त्यांच्या वाट्याला ही येते. आणि तिच्याबरोबर बहुतेक वेळा ते दुसरं पाप असतंच, बटण दाबून धरणं. म्हणजे समोरच्याला उत्तर द्यायची, आणि तिसऱ्याला सावध करायची, दोन्ही वाटा बंद. याचा परिणाम असा की कंटाळलेला ड्रायव्हर सेट बंद करतो. हिवाळ्यात वायोमिंगमध्ये इंटरस्टेट ८० वर, रॉलिन्स ते लॅरमीच्या पट्ट्यात, रस्त्यावर न दिसणारा बर्फ आणि सोसाट्याचा आडवा वारा असतो. तिथे पुढच्या ट्रकने दिलेली अर्ध्या मिनिटाची सूचना म्हणजे ब्रेक वेळेवर लागणं किंवा न लागणं. मोबाइलवर नकाशा असतो, मान्य. पण आत्ता, या क्षणी, एक मैल पुढे काय झालं हे त्या नकाशावर थोडं उशिरा येतं. ज्याने शिव्यांना कंटाळून सेट बंद केला, त्याला ते कळतच नाही.

शब्दांचंही एक मजेशीर प्रकरण आहे. सिनेमे बघून सीबीवर गेलेला माणूस हमखास समोरच्याला 'गुड बडी' म्हणतो. सत्तरच्या दशकात त्याचा अर्थ दोस्त होता. नंतर ट्रकवाल्यांत तो समलिंगी पुरुषाला हिणवायचा शब्द झाला. म्हणजे बघा, सभ्य समजून वापरलेला शब्द शिवी ठरतो. आजकाल नुसतं 'ड्रायव्हर' म्हणायची पद्धत आहे, तेच वापरावं. 'टेन-फोर' मात्र अजून चालतं, समजलं या अर्थाने.

मग घाण बोलणाऱ्याचं करायचं काय? जुने लोक एकच करतात: उत्तर देत नाहीत. हे संतपणातून आलेलं नाही, हिशोबातून आलंय. त्या माणसाला आपला आवाज कुठवर पोचला हे कळायचा एकच मार्ग आहे, कुणीतरी चिडून उत्तर देणं. तुम्ही 'गप बस' म्हणालात की त्याला पावती मिळाली, आणि तुम्ही दोघांनी मिळून चॅनल अडवला. उत्तर नसेल तर त्याला आपण खड्ड्यात बोलतोय की काय अशी शंका यायला लागते. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचे अॅडमिन असाल तर वेगळं सांगायला नको. दुसरा उपाय म्हणजे स्क्वेल्चचं बटण. ते थोडं वर नेलं की दूरचे कमकुवत सिग्नल गळून पडतात आणि जवळच्या गाड्यांचेच ऐकू येतात. तुम्हाला हवी असते तीही जवळचीच माहिती. मात्र फार वर नेऊ नका, नाहीतर दोन मैल पुढचा माणूसही गळेल. शेजारी किलोवॅटवाला असेल तर त्याच्यापुढे स्क्वेल्चचं काही चालत नाही, तो मागे पडेपर्यंत आवाज कमी करून थांबायचं.

भारतातही २७ मेगाहर्ट्झच्या या पट्ट्याचा एक भाग कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ पासून लायसन्समुक्त आहे, पण आपल्या ट्रकवाल्यांत ही संस्कृती रुजली नाही. आपलं काम हॉर्न आणि डिपरवर चालतं, त्यातल्या शिव्यांवर वेगळा भाग करता येईल.

तुमच्यापैकी कुणी तिकडे असेल आणि लांबच्या प्रवासाला भाड्याच्या गाडीत सेट ठेवणार असेल, तर १९ लावा आणि पहिला अर्धा तास नुसतं ऐका. सांगायची वेळ आली तर आधी दिशा, मग मैलाचा दगड, मग लेन, मग काय झालंय ते. उदाहरणार्थ: 'वेस्टबाउंड, मैल २७२, उजव्या लेनमध्ये ट्रक आडवा, हळू या.' एकदा सांगा, बटण सोडा, थोडं थांबून परत एकदा सांगा, कारण पहिल्या वेळी कुणीतरी नक्की तुमच्यावरून बोललेलं असतं आणि ते तुम्हाला ऐकू आलेलं नसतं.