कॅरॅव्हॅनच्या टायरात हवा किती? आधी काट्यावर जा!



आपल्या हुपरीत चांदी तोलताना एक ग्रॅम इकडचा तिकडे झाला तरी माणूस परत काटा बघतो. तीच माणसं लाखो रुपये घालून गाडी बांधतात आणि पंक्चरवाल्याला म्हणतात, "मार की हवा, बघ अंदाजानं."

2021 मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हा धंदा बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. माझ्या बॅचमधल्या एकानं जुन्या मिनीबसची कॅरॅव्हॅन केली. पहिल्याच बुकिंगला, घाटाच्या अलीकडं मागचा टायर फुटला. सगळे सुखरूप, पण बुकिंगचे पैसे परत आणि नाव खराब. हवा त्यानं स्टिकर बघूनच भरली होती. मग चुकलं कुठं?

स्टिकर जुन्या गाडीचा, वजन नव्या गाडीचं

दरवाजाजवळच्या स्टिकरवरचं प्रेशर कंपनीतून निघालेल्या गाडीसाठी असतं. तुम्ही त्यात पलंग, ओटा, बॅटऱ्या घातल्या. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो. व्यावसायिक सिलिंडरात गॅसच 19 किलो, लोखंड वेगळं. हे ओझं रिकामं होत नाही, गाडीबरोबर रोज फिरतं. म्हणून प्रेशर ठरवायचं ते टायरवर येणाऱ्या वजनावरून.

हिशोब असा करा

1. पाणी, गॅस, सामान, माणसं सगळं भरून वजनकाट्यावर जा. उसाच्या भागात काटा शोधावा लागत नाही. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. तिन्ही पावत्या जपून ठेवा.

2. पूर्ण वजन आरसी बुकातल्या एकूण वजनाच्या वर गेलं, तर तिथंच थांबा. सामान कमी करा. जादा हवा भरून ओव्हरलोड सुटत नाही.

3. समजा मागच्या दोन चाकांवर मिळून 1,720 किलो आलं. म्हणजे एका टायरवर 860. आता टायरच्या बाजूला साइजनंतरचा आकडा बघा, तो लोड इंडेक्स. 100 म्हणजे 800 किलो, 104 म्हणजे 900 किलो. इथं 100 चा टायर चालणार नाही. 104/102 असे दोन आकडे असतील तर पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी.

4. टायर डीलरकडं त्याच टायरचा वजन-प्रेशरचा तक्ता मागा. 860 किलोसमोर जे प्रेशर असेल ते मागचं. पुढचं वेगळं काढा. पाण्याची टाकी एका बाजूला असेल तर जास्त वजनाचं चाक धरा आणि त्या जोडीतल्या दोन्ही बाजूंना तेवढीच हवा ठेवा. टायरवर लिहिलेल्या कमाल प्रेशरच्या आणि रिमच्या मर्यादेच्या वर मात्र जायचं नाही.

कमी-जास्त झालं तर?

हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते. त्यातून उष्णता वाढते, आतले थर सुटतात आणि टायर फुटतो. डिझेलही जास्त जातं, कडा झिजतात. हवा जास्त झाली तर टायर मधूनच झिजतो, गाडी उडते आणि ब्रेकला पकड कमी मिळते.

सकाळीच मोजा

हवा थंड टायरवर बघायची, गाडी निदान तीन तास उभी असताना. चालून टायर तापला की प्रेशर वाढतं. 45 पीएसआयच्या टायरात 10 अंश सेल्सियसला साधारण 2 पीएसआय. हे वाढणारच. म्हणून उन्हात ढाब्यावर थांबून "जास्त झाली" म्हणत हवा सोडू नका. गार झाल्यावर तोच टायर कमी हवेवर येतो. आमच्या मित्राचं हेच झालं. एक तर वजन जास्त, त्यात दुपारी हवा सोडलेली.

स्वतःचा चांगला गेज घ्या. प्रत्येक ट्रिपच्या सकाळी सगळे टायर आणि स्टेपनी तपासून वहीत आकडे लिहा. एकच टायर सारखा कमी दाखवत असेल तर तो हळूहळू गळतोय.

गाडी अजून बांधायची आहे? मग फॅब्रिकेटरला ॲडव्हान्स देण्याआधी रिकाम्या गाडीची काटापावती करा. आरसीतल्या वजनातून ती वजा करा. उरतील तेवढ्याच किलोत पलंगापासून पाहुण्यांपर्यंत सगळं बसवायचं आहे. तुमच्या धंद्याचं पहिलं बजेट रुपयात नाही, किलोत आहे!