अंगरक्षकाचा शब्द

३१ ऑक्टोबर १९८४ च्या सकाळी दिल्लीत १, सफदरजंग रोडच्या आवारात इंदिरा गांधींवर गोळ्या झाडणारे बियंतसिंग आणि सतवंतसिंग बाहेरून आलेले नव्हते. ते त्यांच्याच पहाऱ्यावर होते. ऑपरेशन ब्लू स्टारनंतर शीख पोलिसांना पंतप्रधानांच्या निवासस्थानावरून हलवावं, असा सल्ला सुरक्षा यंत्रणेने दिला होता. इंदिराबाईंनी तो मानला नाही. एका धर्माच्या माणसांवर सरसकट अविश्वास दाखवायला त्या तयार नव्हत्या, आणि त्या भूमिकेचं मोल मी कमी लेखत नाही. पण अभिनेते पीटर उस्तिनोव्ह यांना मुलाखत देण्यासाठी निघताना त्यांनी बुलेटप्रूफ जाकीटही घातलं नव्हतं. त्यानंतरच्या चाळीस वर्षांकडे पाहताना मला पुन्हा पुन्हा एकच प्रश्न पडतो : ज्याने जीव वाचवायचा, त्याचा शब्द किती चालतो?

बीरबल नाथ समितीच्या शिफारशीवरून १९८५ मध्ये पंतप्रधानांच्या संरक्षणासाठी एसपीजी (स्पेशल प्रोटेक्शन ग्रुप) उभी राहिली. थेट भरती नाही. केंद्रीय आणि राज्य पोलीस दलांतून निवडून प्रतिनियुक्तीवर आणलेली माणसं. त्यांचा काळा गॉगल आणि झटक्यात उलगडून ढाल होणारी ब्रीफकेस लोकांनी टीव्हीवर पाहिली, पण खरं काम कॅमेरा पोचण्याआधीच झालेलं असतं. पंतप्रधान जिथे जाणार तिथे आधी जाऊन जिने, गच्च्या, मंचाखालची जागा, वाटेतले पूल पाहायचे. गाडी अडली तर दुसरा रस्ता कोणता, रक्त लागलं तर जवळचं हॉस्पिटल कोणतं, हे ठरवायचं. स्थानिक पोलिसांसोबत बसून कोणाची जबाबदारी कुठे संपते, ते कागदावर आणायचं. हल्ला झालाच, तर मारेकऱ्याशी झुंजत बसण्याआधी आपल्या माणसाला झाकून तिथून हलवायचं.

ही शिस्त सहज आलेली नाही. २ ऑक्टोबर १९८६ ला राजीव गांधी राजघाटावर असताना वेलींनी झाकलेल्या एका छपरावर करमजितसिंग गावठी बंदूक घेऊन दबा धरून होता. पहिला बार झाला, तेव्हा स्कूटरचा आवाज असेल असं समजून सोडून दिलं गेलं. प्रार्थना आटोपून राजीव परत निघाले, तेव्हा त्याने पुन्हा गोळ्या झाडल्या. राजीव वाचले ते नेम चुकल्यामुळे. ते छप्पर आधी नीट तपासलं असतं, तर दुसऱ्या बाराची वेळच आली नसती.

त्याच वर्षी १० ऑगस्टला पुण्यात जनरल अरुणकुमार वैद्य मारले गेले. ब्लू स्टारच्या वेळचे लष्करप्रमुख निवृत्तीनंतर पुण्यात राहायला आले होते. बाजारातून परतताना स्वतःची मारुती ते स्वतः चालवत होते, शेजारी पत्नी भानुमतीबाई, आणि गाडीत एक अंगरक्षक. मोटारसायकलवरून आलेल्या जिंदा आणि सुखा या खलिस्तानी अतिरेक्यांनी गाडी गाठली आणि जवळून गोळ्या घातल्या. त्या दोघांना १९९२ मध्ये येरवड्यात फाशी झाली. पण गाडी चालवणारा माणूस रस्त्याकडे बघणार, आणि एकटा अंगरक्षक एका वेळी एकाच दिशेला बघणार, ही गोष्ट खटल्याच्या निकालाने बदलत नाही. पद गेलं तरी धोका जात नाही, हे महाराष्ट्राने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

दिल्लीला मात्र ते उमगलं नाही. १९८८ चा एसपीजी कायदा राजीव यांच्याच सरकारने केला, आणि त्यात संरक्षण होतं ते विद्यमान पंतप्रधानांना आणि त्यांच्या कुटुंबाला. १९८९ च्या डिसेंबरात राजीव सत्तेबाहेर गेले आणि थोड्याच काळात त्यांचं एसपीजी संरक्षण काढून घेण्यात आलं. पुढचा निवडणूक प्रचार त्यांनी जवळजवळ उघड्यावर केला. लोकांत मिसळायचं होतं, तेही हवंच होतं.

२१ मे १९९१, श्रीपेरंबुदूर. रात्री दहा वाजून गेलेले. अंगावर बॉम्ब बांधून, हार घेऊन पुढे घुसणाऱ्या धनूला अनसूया नावाच्या महिला पोलिसाने मागे लोटलं. लोकांना भेटू दे, असं राजीव यांनीच आपल्याला सांगितल्याचं तिने पुढे सांगितलं. काही सेकंदांत स्फोट झाला. राजीव यांच्यासोबत त्यांचे अंगरक्षक प्रदीप गुप्ता गेले, पोलीस अधीक्षक महंमद इक्बाल गेले. अनसूया जखमी होऊन वाचली. हत्येची चौकशी करणाऱ्या वर्मा आयोगाने पुरेशी पर्यायी व्यवस्था न करता संरक्षण काढल्याबद्दल सरकारला दोष दिला, पोलिसांना दिला आणि सभेतल्या बेशिस्तीबद्दल काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनाही दिला. मला या सगळ्यात ती महिला पोलीस विसरता येत नाही. त्या मैदानात अंगरक्षकाचं काम नेमकं केलं ते तिने. तिचा हात योग्य माणसावर पडला होता.

त्यानंतर कायदा बदलत राहिला. १९९१ मध्ये माजी पंतप्रधान त्यात आले, मुदत वाढली, २००३ मध्ये आखडली, आणि २०१९ मध्ये एसपीजी पुन्हा विद्यमान पंतप्रधान व त्यांच्यासोबत राहणारं कुटुंब इथवर आली. माजी पंतप्रधानांना पाच वर्षं. बाकीच्यांसाठी एक्स, वाय, झेड, झेड प्लस. या अक्षरांना प्रतिष्ठा चिकटली, आणि धोका नसलेलेही ती मागू लागले. त्यामुळे ज्यांना खरंच भीती होती त्यांच्या वाट्याचं मनुष्यबळ पातळ झालं, याची मला चीड येते.

मुंबईत नव्वदच्या दशकातल्या खंडणीच्या फोनांनी बिल्डर आणि सिनेमावाले हादरले. काहींना पोलिसांचं प्रोटेक्शन मिळालं, इतरांनी खासगी गार्ड ठेवले. २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याने या धंद्याला परवाना आणि प्रशिक्षण आणलं, पण माणसाची राखण आणि मालमत्तेची राखण एकाच व्याख्येत बसवली. त्याखालचं मूळ प्रशिक्षण १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानात. सोसायटीच्या गेटवर नोंदवही सांभाळणाऱ्यालाही तेच, आणि उद्योगपतीच्या मुलीला शाळेत सोडणाऱ्यालाही तेच. दंड पाहून बाउन्सर उचलायचा आणि त्याला बॉडीगार्ड म्हणायचं, ही पद्धत याच फटीतून वाढली. गर्दी ढकलता येणं वेगळं. गर्दीत कोणाचे हात दिसत नाहीत, हे ओळखता येणं वेगळं. त्यासाठी स्वतंत्र शिक्षण हवं, आणि अंगरक्षकाला मालकासमोर नोकरी जाण्याच्या भीतीशिवाय ‘आज इथून नको’ म्हणता यायला हवं. मालकच पगार देतो, तेव्हा हे दुसरं फार अवघड होतं.

१२ ऑक्टोबर २०२४. दसऱ्याची रात्र, वांद्रे पूर्व, आजूबाजूला फटाके. मुलाच्या ऑफिसजवळ माजी मंत्री बाबा सिद्दिकींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा त्यांच्यासोबत संरक्षणासाठी एकच पोलीस होता. पुढे तो निलंबित झाला. त्याच्या हातून काय राहिलं, याची चौकशी व्हायलाच हवी. पण ज्या रात्री गोळी आणि फटाका कानाला वेगळे कळणार नव्हते, त्या रात्री एकाच माणसावर ही जबाबदारी सोपवणाऱ्यांनाही त्याच चौकशीत उत्तर द्यावं लागलं पाहिजे.