परदेशी शिक्षणाआधी छातीचा एक्स-रे

पावसाळा सुरू झाला की गणपतीपुळ्यातल्या लॉजवरची गर्दी ओसरते, पण काही घरांत वेगळीच धावपळ सुरू होते. सप्टेंबरमध्ये परदेशी विद्यापीठात रुजू व्हायचे असते. प्रवेशपत्र, शैक्षणिक कर्ज, पासपोर्ट यांची तजवीज झालेली असते. आरोग्य तपासणी मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकललेली असते. नेमके तिथेच घोडे अडते.

सहा महिन्यांहून अधिक काळासाठी ब्रिटनला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला व्हिसाच्या अर्जासोबत क्षयरोग नसल्याचा दाखला जोडावा लागतो. पूर्वी हीथ्रो व गॅटविक विमानतळांवर उतरल्यावर एक्स-रे काढत असत. २०१२ पासून ही तपासणी टप्प्याटप्प्याने निघण्याआधीच, मायदेशात होऊ लागली. गावातल्या किंवा रत्नागिरीतल्या एक्स-रेवर काम भागत नाही. मान्यताप्राप्त केंद्रातच जावे लागते आणि अशी केंद्रे मुंबईसारख्या मोठ्या शहरांत आहेत. दाखला सहा महिने चालतो. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाही आपण नेमलेल्या डॉक्टरांकडूनच तपासणी करून घेतात.

एक्स-रे स्वच्छ असला तर काम तिथेच संपते. फुप्फुसावर डाग दिसला तर तीन दिवस थुंकीचे नमुने घेतात. त्यांचे कल्चर करायला दोन महिन्यांपर्यंत वेळ लागतो, कारण क्षयाचे जंतू फार सावकाश वाढतात. डाग म्हणजे आजार असे नव्हे. लहानपणी बरा झालेला संसर्गही व्रण ठेवून जातो. जुना एक्स-रे किंवा उपचाराची कागदपत्रे असतील तर ती सोबत न्यावीत.

या काळात घरचे घाबरतात आणि इथेच एक मोठी चूक होते. खोकला दबावा म्हणून दुकानातून अँटिबायोटिक आणले जाते. लिव्होफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधे क्षयाच्या जंतूंवरही थोडाफार परिणाम करतात. खोकला तात्पुरता कमी होतो, तपासणीत जंतू सापडत नाहीत, आजार आत वाढत राहतो आणि जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजनात घट यांपैकी काही असेल तर व्हिसाची वाट न पाहता सरकारी रुग्णालयात थुंकी तपासावी. क्षयाची तपासणी व उपचार तिथे मोफत आहेत, आणि निक्षय पोषण योजनेतून उपचार सुरू असेपर्यंत दरमहा १००० रुपये मिळतात. साध्या क्षयाचा उपचार बहुधा सहा महिन्यांचा असतो. तो पूर्ण करून पुन्हा तपासणी करता येते. एक सत्र हुकते, शिक्षण नाही.

अमेरिकेचा प्रश्न निराळा. तिथे विद्यार्थी व्हिसासाठी एक्स-रेची सक्ती नाही. पण बहुतेक विद्यापीठे लसीकरणाचा पुरावा मागतात, विशेषतः गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एमएमआरचे दोन डोस. आपल्या सरकारी लसीकरणात गालगुंडाची लस नाही. गोवर-रुबेलाची मोहीम महाराष्ट्रात २०१८च्या अखेरीस झाली. म्हणजे आज पदवीधर असलेल्यांच्या बालपणी सरकारी केंद्रात केवळ गोवराचीच लस मिळे. दोन डोसांत किमान २८ दिवसांचे अंतर लागते. त्यामुळे तिकीट काढल्यावर जागे होऊन उपयोग नसतो.

काही विद्यापीठे क्षयाच्या सुप्त संसर्गाचीही तपासणी मागतात. भारतात जन्मतःच बीसीजी टोचलेली असल्याने त्वचेवरची चाचणी उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते. ‘इग्रा’ ही रक्तचाचणी बीसीजीने फसत नाही. पर्याय असेल तर तीच करावी. सुप्त संसर्ग म्हणजे आजार नव्हे आणि तो दुसऱ्याला लागतही नाही. असे दहा जण घेतले तर त्यांतला फार तर एखादाच आयुष्यात कधीतरी आजारी पडतो, आणि तेही औषधाने टाळता येते.

जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. त्यामुळे ही तपासणी म्हणजे अपमान समजू नये. निदान लवकर झाले, तर त्याच घरातले आजी-आजोबा आणि धाकटी भावंडेही वाचतात. प्रवेशपत्र हाती पडताच, निदान तीन महिने आधी, लसीकरणाचे जुने कार्ड शोधावे आणि तपासणीची वेळ घ्यावी.